लकव्यानंतर त्या हाताला आराम नको, काम द्या

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बहुतेक पेशंट मेंदूचे: लकवा झालेले, गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेले, गाठीच्या ऑपरेशननंतरचे. सकाळी क्लिनिक, दुपारनंतर घरोघरी. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड आणि अधूनमधून निफाड-पिंपळगावकडचे मळे. या घरांतून रोज एकच चित्र दिसतं म्हणून हा धागा काढतेय. पेशंट कॉटवर, लुळा हात उशीवर जपून ठेवलेला, भोवती चार माणसं. सून घास भरवतेय, मुलगा बटणं लावून देतोय, पाणी मागायच्या आत तांब्या तोंडाशी येतोय. "अण्णा, तुम्ही फक्त आराम करा." ही माया खरी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण याच आरामात तो हात कायमचा जातो, आणि हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कारण कळायला थोडं मेंदूत डोकवावं लागेल. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो. बोटं, ओठ, खांदा, पाय, प्रत्येकाचा आपला पट्टा. ज्याच्याकडून बारीक काम होतं त्याचा पट्टा मोठा, म्हणून हाताच्या पंजाला जेवढी जागा आहे तेवढी अख्ख्या पाठीला नाही. चेतापेशींचा अभ्यास ज्यांनी पायापासून उभा केला ते स्पेनचे सांतियागो रामोन इ काखाल, १९०६चे नोबेलविजेते. त्यांचंही मत असं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग एकदा ठरले की ठरले. पुढची कित्येक दशकं डॉक्टरांच्या पिढ्या हेच शिकत आल्या. मग १९८४ मध्ये अमेरिकेत मायकेल मर्झेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माकडांच्या मेंदूतला बोटांचा नकाशा काढला, बोट काढून टाकल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा काढला. गेलेल्या बोटाची जागा रिकामी नव्हती. शेजारच्या बोटांनी ती घेतली होती. आपल्याकडे पडीक रानाचा बांध शेजारी कोरत कोरत आत येतो ना, अगदी तसं.

लकव्यात गुठळी अडकून किंवा रक्तवाहिनी फुटून या नकाशाचा एक तुकडा मरतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे आधी मान्य करू. पण कडेचा भाग जिवंत असतो आणि पुढचे काही आठवडे तिथे मोठी उलथापालथ चाललेली असते. पेशींना नवे फाटे फुटतात, नव्या जोडण्या होतात, दबून राहिलेल्या जुन्या जोडण्या वर येतात. यातलं काय टिकणार हे वापरावर ठरतं. अमेरिकन संशोधक रँडॉल्फ नुडो यांनी माकडांमध्ये हाताच्या पट्ट्यात छोटासा स्ट्रोक घडवून हे दाखवलं. ज्यांना तसंच सोडलं त्यांच्या हाताचा उरलेला चांगला पट्टाही आक्रसत गेला. ज्यांच्याकडून बारीक खळग्यांतून खाद्याच्या गोळ्या बोटांनी काढून घेतल्या, त्यांचा पट्टा टिकला, काहींमध्ये तर खांदा-कोपराच्या जागेत शिरून वाढला. हे १९९६ मध्ये छापून आलं. म्हणजे आज जो हात उशीवर ठेवलाय, त्याची शिल्लक जमीनसुद्धा रोज थोडी थोडी जातेय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी याच्याच दुसऱ्या बाजूवर आयुष्य घालवलं. सुरुवातीला हात खरंच चालत नाही, म्हणून पेशंट चांगल्या हातावर भागवतो. पुढे लुळ्या हातात थोडी ताकद येते, पण तोवर तो न वापरायची सवय पक्की झालेली असते. हात आहे, जीव आहे, तरी वापरात नाही. यावर त्यांचा उपाय असा: चांगल्या हाताला जाड हातमोजा घालायचा आणि रोज कित्येक तास लुळ्या हाताकडूनच काम करून घ्यायचं. याची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ पेशंट, दोन आठवडे उपचार, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला. अट एकच, मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडता यायला हवीत. सगळ्यांना हे लागू होत नाही. आपलं आपण घरी हातमोजा बांधून सुरू करू नका, तोल जाऊन पडण्याची भीती असते.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, साठीच्या आसपासचे. उजवी बाजू गेलेली. हात खांद्यातून उचलायचा, मूठ मिटायची, पण उघडायची नाही. कुणीतरी पिवळा स्माईली बॉल दिला होता आणि ते टीव्हीसमोर बसून तो दाबत राहायचे. मिटणारी मूठ आणखीच आवळत चालली होती. विरळणीचे, म्हणजे घडातले जादा मणी काढायचे दिवस होते. मी मुलाला बागेतून एक घड आणायला सांगितला आणि सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला, त्यांच्या छातीच्या उंचीवर. कात्री नाही, नुसती बोटं. डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला. अंगठा आणि तर्जनीत मणी धरायचा, पिळून देठापासून सोडवायचा आणि ताटलीत टाकायचा. धरणं जमलं. सोडणं जमेना, मणी चिमटीतच अडकून राहिला. मनगट थोडं खाली वाकवलं की बोटांच्या शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपसूक जराशी उलगडतात. तसं करून दाखवलं, आणि तेवढ्या फटीतून मणी खाली पडला. मी काही बोलायच्या आत त्यांचा हात दुसऱ्या मण्याकडे गेला होता. बॉल दाबताना लक्ष मालिकेत असायचं. इथे ते घड न्याहाळत होते, कुठला मणी काढायचा, कुठला ठेवायचा ते ठरवत होते. "हा आतला काढावा लागंल ताई, नाहीतर घड दाटतो." मेंदू बदलायला हेच लागतं: अर्थ असलेलं काम, त्यात लक्ष, थोडीशी अडचण आणि भरपूर वेळा. ते आता घास उजव्या हाताने घेतात. कात्री अजून जमत नाही, शर्टाची वरची बटणंही राहतात.

"भरपूर वेळा" यावर माझा फार जोर आहे. २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांत बसून संशोधकांनी मोजलं, की एका सेशनमध्ये पेशंट लुळ्या हाताने कामाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी ३२ वेळा. प्राण्यांच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो. आमच्यासारख्यांचा तासभर पुरेसा नाही. उरलेल्या दिवसात घरात काय चालतं त्यावर बरंच ठरतं. लसूण सोलणं, पोळीचा तुकडा मोडणं, नळ फिरवणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. वेळ लागेल, सांडेल, फुटेल. सांडू द्या.

आणि "सहा महिने झाले, आता काही होत नाही" असं ऐकून ज्यांनी सोडून दिलंय त्यांच्यासाठी. सुरुवातीचे तीन महिने सगळ्यात मोलाचे, यात शंका नाही. २०२१ च्या एका अमेरिकन चाचणीत तेवढीच जादा थेरपी वेगवेगळ्या वेळी दिली, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेलीचा फायदा सर्वांत जास्त दिसला. पण दार त्यानंतर बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर या मेंदूच्या हॉस्पिटलात तीन आठवड्यांत ९० तास हाताची थेरपी देतात. तिथल्या निम्म्याहून अधिक पेशंटांच्या लकव्याला वर्षापेक्षा जास्त काळ लोटलेला होता. तरी हात सुधारले, आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. २०१९ चा अहवाल आहे.

ज्यांच्या घरी कुणी आहे त्यांनी विचारा. जमेल तसं उत्तर देते.

उपनगर

फार गरजेचा धागा. माझे वडील प्रेसमधून रिटायर झालेले. लकव्यानंतर आईने त्यांना चहाचा कपसुद्धा उचलू दिला नाही. आता तीन वर्षं झाली. आज रात्री आईला हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

निफाडची_सून

ताई, आमच्याकडे अगदी हेच चाललंय. मामंजींच्या अंगावरून गणपतीत वारं गेलं. पाय थोडा टाकतात, पण हात अजिबात हलत नाही, एक बोटसुद्धा नाही. जे हलतच नाही त्याला काम कसं द्यायचं? दुसरं म्हणजे भावकीतले सांगतात, कबुतराच्या रक्ताने मालिश करा. सासूबाईंचा त्यावर विश्वास बसलाय. त्यांना दुखवायचं नाहीये.

गोदाकाठ

आधी खांदा सांभाळा. लुळ्या हाताला धरून त्यांना कधीही उठवायचं नाही, कपडे घालताना ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खाली सरकतो, आणि एकदा खांदा दुखायला लागला की पेशंट हात लावूच देत नाही. बसताना हात टेबलावर किंवा उशीवर हवाच, खाली लोंबकळता नको. वर मी उशीबद्दल तक्रार केली ती दिवसभर तिथेच पडून राहण्याबद्दल.

हालचाल शून्य असली तरी मेंदूला काम देता येतं. आरसा. दोन हातांच्या मध्ये असा उभा ठेवायचा की लुळा हात आरशामागे झाकला जाईल आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब बरोबर त्याच्या जागी दिसेल. मग चांगल्या हाताने मूठ उघड-मीट, तळवा वर-खाली, आणि मनाने दोन्ही हात चालवायचे. ही कल्पना मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांची, मूळचे तमिळनाडूचे. हात कापलेल्या लोकांना तो नसलेला हात दुखत राहतो, त्यासाठी त्यांनी १९९०च्या दशकात हा आरसा वापरला. १९९९ मध्ये तो लकव्याच्या पेशंटांवर वापरून पाहिला गेला. २०१८ मध्ये ६२ अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष निघाला की हालचालीत फरक पडतो. चमत्कार होत नाही, फरक पडतो. शिवाय लुळ्या तळव्यावर टॉवेल, वाळू, गव्हाचे दाणे असे वेगवेगळे स्पर्श द्या आणि डोळे मिटून ओळखायला सांगा. दोन्ही हातांची बोटं गुंफून टेबलावरून कापड पुढे-मागे ढकलायला लावा.

कबुतराबद्दल स्पष्ट सांगते, त्वचेवर रक्त चोळून मेंदूपर्यंत काहीही पोचत नाही, एक जीव तेवढा जातो. पहिल्या महिन्यांत बरीच सुधारणा आपसूक होत असते आणि त्या काळात जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं, म्हणून अशा गोष्टी टिकून राहतात. सासूबाईंना तिळाच्या तेलाने हलक्या हाताने मालिश करू द्या. स्पर्श पोचेल, हात रोज हाताळला जाईल, आणि त्यांच्या मायेलाही वाट मिळेल.

त्र्यंबकनाका

मी एमडी मेडिसिन आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस. लेख उत्तम, काही गोष्टींची भर.

पहिली, वेळेची. हात वाचवायची सगळ्यात मोठी संधी पहिल्या तासांत असते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढता येते. तोंड वाकडं, हात गळलेला, जीभ जड, यातलं एक दिसलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला थेट निघा. आपल्याकडे पेशंट आधी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून झोपतो, मग सकाळी गाडी काढतात. मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. ही सकाळ फार महाग पडते.

दुसरी, घाईही नको. २०१५ मध्ये २१०४ पेशंटांची एक चाचणी झाली, त्यात २४ तासांच्या आत जोरात उठवणं-चालवणं सुरू केलेल्यांची अवस्था पुढे उलट थोडी वाईट निघाली. पहिल्या दिवशी कितपत हलवायचं ते डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील.

तिसरी, "मेंदूच्या ताकदीच्या" गोळ्या-इंजेक्शनांची. सिटिकोलिनची २२९८ पेशंटांची चाचणी २०१२ मध्ये आली, काही फायदा दिसला नाही. फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीने हात सुधारतो अशी २०११ मध्ये आशा निर्माण झाली होती. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. ज्या घरात पैसे मोजून आहेत त्यांनी हा खर्च फिजिओकडे वळवावा. मात्र रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी औषधं यांतली एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.

आता गोदाकाठ यांना एक प्रश्न. घरच्यांनी करून घ्यावं यावर तुमचा भर आहे. पण भारतातच १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटांवर चाचणी झाली, घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. याचं काय करायचं?

गोदाकाठ

डॉक्टर, हा प्रश्न यायलाच हवा होता. तो निकाल मी नाकारत नाही. त्यावरून मी असं समजते की चार दिवस शिकवून घरच्यांना फिजिओच्या जागी बसवता येत नाही. सरकारी पातळीवर कुणी "घरचेच करतील, थेरपिस्ट नेमायला नकोत" म्हणत असेल तर ती चाचणी त्याला चोख उत्तर आहे. जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत शिकलेला थेरपिस्ट असायलाच हवा. मात्र त्या चाचणीत मोजलं होतं ते मृत्यू आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं. एखाद्या हाताने घास घेता येतो का हे त्या मापात नीट दिसत नाही. आणि मी घरच्यांना व्यायाम घ्यायला कमी सांगते. पेशंटची कामं त्याच्या हातून काढून घेऊ नका, हे जास्त सांगते. यामागे माकडांचे प्रयोग आणि हातमोज्याच्या चाचण्या आहेत. घरच्या पातळीवर अजून भक्कम पुरावा हवा, हे तुमचं म्हणणं बरोबर.

येवलेकर

आमच्या घरात माग आहे, चार पिढ्या पैठणी. वडिलांची बोटं काठावरचा मोर विणताना बघतो तेव्हा ते बोटांकडे बघतही नसतात. लकवा वगैरे नसलेल्या, धडधाकट माणसाचा मेंदूही कामाने बदलतो का? का हे फक्त दुखापतीनंतर?

नकाशावेडा

बदलतो, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं आहे. तिथे परवाना हवा तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात, तयारीला तीन-चार वर्षं जातात. मेंदू-संशोधक एलिनॉर मग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या मेंदूत जागांची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. यावर कुणीही विचारेल की मुळातच मोठा असणारे लोक टॅक्सीकडे वळत असतील. म्हणून त्यांनी ७९ उमेदवारांना शिकायला सुरुवात करतानाच तपासलं आणि परीक्षा झाल्यावर पुन्हा. त्यातले ३९ पास झाले, वाढ फक्त त्यांच्यात दिसली. पण त्याची किंमतही आहे. जुन्या टॅक्सीचालकांत हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान आढळला आणि नवी आकृती लक्षात ठेवण्यात ते इतरांच्या मागे पडले.

तुमच्या वडिलांच्या जवळचं उदाहरण वादकांचं. १९९५ मध्ये व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचा पट्टा मेंदूत मोठा आढळला, आणि जितक्या लहान वयात शिकायला सुरुवात तितका जास्त. विणकरांचा असा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही, पण कुणीतरी येवल्यात येऊन करावा असं फार वाटतं.

गोदाकाठ

याला जोडून एक सावधगिरी. बदल नेहमी भल्याचाच असतो असं नाही. तीच बारीक हालचाल वर्षानुवर्षं करणाऱ्या काही वादकांत, लिहिणाऱ्यांत शेजारच्या बोटांचे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि बोटं सुटी चालेनाशी होतात. येवलेकर, वडिलांची बोटं काम करताना आपोआप वळायला लागली तर "वय झालं" म्हणून सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

शब्दवेडी

मी स्पीच थेरपिस्ट. हातासारखंच वाचेचं होतं. डाव्या मेंदूत लकवा झाला की अनेकांची वाचा जाते. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या पेशंटवरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली, तो फक्त "तान" एवढंच बोलू शकायचा, पण समोरच्याचं त्याला बरंच कळायचं. आपल्याकडे अशा माणसाशी लोक मोठ्याने ओरडून बोलतात किंवा त्याच्यासमोर त्याच्याविषयीच बोलतात, जणू तो खोलीत नाहीच.

एक आजोबा आहेत पंचवटीतले. पाणी मागता येत नाही, पण संध्याकाळी आरती सुरू झाली की सगळी कडवी स्वच्छ म्हणतात. घरचे म्हणायचे, "बोलता येतंय की, मुद्दाम करतात." तसं नसतं. पाढे, आरत्या, शिव्या, वार-महिने ही पाठ झालेली भाषा वेगळ्या वाटेने येते, आणि सुरात उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो. यावरूनच १९७३ मध्ये अमेरिकेत सुरावर शब्द शिकवायची पद्धत निघाली. आम्ही "पाणी हवं" हे दोन सुरांत म्हणून घेतो, डाव्या हाताने मांडीवर ठेका. पंधरा मिनिटं गेली की थकतात, मग थांबायचं.

घरच्यांना एकच विनंती. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा आणि मगच मदत करा. त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका.

आणखी एक, आपल्यासाठी चांगली बातमी. हैदराबादला ६०८ लकव्याच्या पेशंटांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची विचारशक्ती लकव्यानंतर शाबूत होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. मराठी-हिंदी रोज बोलणाऱ्या आपल्या लोकांनाही याचा फायदा होत असावा.

कॉलेजरोड

सगळं पटलं, पण "मेंदू बदलतो" या वाक्यावर दुकानं चालतात त्याबद्दलही लिहायला हवं. काही वर्षांपूर्वी आपल्या शहरात "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"चे वर्ग जोरात होते. डोळ्यांना पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. माझ्या शेजाऱ्यांनी त्यात भरपूर पैसे घातले. पट्टी नीट, नाकाजवळची फट बुजवून बांधली की वाचन बंद. मुलांना मोठ्यांसमोर खोटं वागायला शिकवलं गेलं, हे मला फार लागलं. मध्यमेंदू नजरेची हालचाल, बुबुळ लहान-मोठं होणं अशी कामं जन्मापासून करतोच, त्याला कुणी चालू करावं लागत नाही. "आपण मेंदूचा १० टक्केच वापरतो" हेही साफ खोटं. तसं असतं तर उरलेल्या ९० टक्क्यांत लकवा होऊन काही बिघडलंच नसतं.

सातपूरकर

माझा प्रश्न वेगळा आहे. धाकटा भाऊ, २६ वर्षांचा, अंबडला कंपनीत होता. रात्रपाळीहून येताना बाईक घसरली, हेल्मेट नव्हतं. कोमातून बाहेर आला, हातपाय ठीक, बोलतो, चालतो. सगळे म्हणतात वाचला, बरा झाला. पण तो आमचा भाऊ राहिलेला नाही. क्षणात चिडतो, वस्तू फेकतो, सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, लोकांसमोर काहीही बोलतो. आई म्हणते आळशी झाला. आठ महिने झाले. यात काही सुधारेल का?

गोदाकाठ

हे दिसत नाही म्हणून जास्त जड जातं. डोकं आपटतं तेव्हा कपाळामागचा भाग आतून कवटीला घासतो, आणि राग आवरणं, थांबून विचार करणं, कामाला सुरुवात करणं हे तिथूनच चालतं. आईंना आळस दिसतोय तो बहुधा हाच बिघाड आहे, आणि मेंदूचा थकवा. भाऊ हे मुद्दाम करत नाही. आठ महिने हा शेवट नाही. अशा इजेत वर्ष-दोन वर्षांपर्यंत सुधारणा चालू राहते.

करायचं काय? दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक, भिंतीवर लिहून. एका वेळी एकच सूचना. आवाज आणि गर्दी कमी, दुपारी झोप. दारू पूर्ण बंद, फिट येण्याचा धोका असतो. राग चढताना दिसला की वाद न घालता खोली बदला. मेंदूच्या इजेचा अनुभव असलेल्या मानसतज्ज्ञाकडून त्याची स्मृती, लक्ष, निर्णय यांची नीट तपासणी करून घ्या. इथे सोय झाली नाही तर बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात हा विभाग आहे.

१८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली आणि त्याचा स्वभाव पालटला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तो पुढे चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, हे फारसं सांगितलं जात नाही. रोज तीच वाट, तीच वेळ, तेच घोडे. भाऊला असं बांधीव, ठरीव काम मिळालं तर तो त्यात टिकू शकेल. यंत्रावर किंवा बाईकवर मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही.

सातपूरकर

आईला आत्ता हे वाचून दाखवलं. ती रडली, पण म्हणाली उद्यापासून त्याला आळशी म्हणणार नाही. धन्यवाद.

पुण्यातून

आजी नाशिकरोडला असते. इथे एका सेंटरमध्ये हाताची रोबोटिक थेरपी सांगितली, खर्च लाखाच्या पुढे. आजीला पुण्यात हलवावं का?

त्र्यंबकनाका

ब्रिटनमध्ये ७७० पेशंटांवर रोबोटची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा वापर सरस झाला नाही. यंत्राने हालचालींची संख्या वाढते, पण त्या हालचाली घरच्या कामात उतरल्या तर उपयोग. आजीला तिच्या घरात, तिच्या स्वयंपाकघरात ठेवून चांगली थेरपिस्ट लावा. माझं मत असं.

निफाडची_सून

ताई, आरसा आणला. मामंजी आरशात बघून दोनदा रडले, मग आरसाच ढकलून दिला. जेवणही कमी झालंय, सकाळी उठायचं नाव घेत नाहीत. आम्ही जबरदस्ती करावी का?

गोदाकाठ

जबरदस्ती नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हाताआधी मनाची काळजी वाटतेय. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं. ते मेंदूच्या इजेचाच भाग असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. काहींना मात्र दुःख नसतानाही अचानक रडू कोसळतं, ते वेगळं. दोन्हीतलं काय आहे ते डॉक्टर ठरवतील, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यात दाखवा. जेवण कमी झालंय ते गिळताना त्रास होतो म्हणून आहे का हेही बघा. पाणी पिताना ठसका लागतो का, घास गालात साठतो का, जेवल्यावर आवाज घरघरतो का, हे लिहून न्या.

तोवर आरसा बाजूला ठेवा. ते कॉटवरून उठून बाहेर ओट्यावर बसतील एवढंच बघा. बागेतली माणसं येता-जाता त्यांना विचारतील असं काहीतरी त्यांच्याकडे सोपवा, मजुरांची हजेरी किंवा फवारणीचा हिशोब. मी पुढच्या आठवड्यात पिंपळगावकडे येणार आहे, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.